जुन्या नावेचा हातपंप

लांकडाची असो वा फायबरग्लासची, पाण्यावर तरंगणारी कोणतीहि नाव आंतून पूर्णपणें कोरडी अशी कधींच नसते. पावसाचें पाणी झांकणांच्या फटींतून आंत उतरतें, लाटांचे तुषार उडतात, आणि सुकाणूच्या व यंत्राच्या फिरत्या दांड्याभोंवतीं जी मोकळीक ठेवावी लागते तींतून थेंब थेंब पाझर चालूच असतो. हें सारें पाणी उताराला लागून नावेच्या अगदीं तळाशीं, पायाखालच्या फळ्यांच्याहि खालीं जी खोलगट जागा असते, तेथें जमतें. इंग्रज खलाशी या जागेस बिल्ज म्हणतात, आणि तेथील पाणी काढण्याचा तो बिल्ज पंप. आपल्याकडील कोळ्याला असें निराळें यंत्राचें नांव फारसें लागलें नाहीं. तो डबा हातीं घेऊन पाणी उपसतो. पावसाळ्यांत किनाऱ्यावर ओढून ठेवलेला लांकडी मचवा पुन्हां पाण्यांत लोटला म्हणजे सुकलेल्या फळ्या फुगून फटी बुजेपर्यंत हें उपसण्याचें काम त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें.

येथें विचार करावयाचा आहे तो मात्र निराळ्या नावांचा. १९६० ते १९८० या वीस वर्षांत युरोप व अमेरिकेंत तीस-पस्तीस फूट लांबीच्या, शिडावर चालणाऱ्या असंख्य नावा बांधल्या गेल्या. त्यांपैकीं पुष्कळ अजून समुद्रावर आहेत. त्यांचीं शिडें बदललीं, यंत्रें बदललीं, दिशा दाखविणारीं विजेचीं नवीं साधनें आलीं. परंतु सुकाणूजवळच्या कोपऱ्यांत बसविलेला हातपंप कित्येकदां नावेइतकाच जुना असतो. मालकानें तो विकत घेतांना एकदां हलवून पाहिलेला असतो, आणि त्यानंतर त्याच्याकडे कोणाचें लक्ष गेलेलें नसतें. यांत नवल नाहीं. विजेचा पंप आपोआप सुरू होतो, घरघर आवाज करतो आणि आपलें अस्तित्व जाणवून देतो. हातपंप मुका असतो. पण तळांतलें पाणी वाढून विद्युत्घटमाला बुडाली कीं विजेचा पंप थांबतो. म्हणजे ज्या क्षणीं पाणी सर्वांत अधिक त्याच क्षणीं तो सोडून जातो. मग उरतो तो कोपऱ्यांतला मुका गडी.

त्याच्याकडून किती अपेक्षा धरावी, हें आधीं हिशेबानें पाहिलेलें बरें. पाण्याच्या पातळीखालीं एक फुटावर एक इंच व्यासाचें भोंक पडलें तर त्यांतून मिनिटाला सुमारें ४० लिटर पाणी आंत येतें. मध्यम आकाराचा हातपंप दांड्याच्या एका फेरींत पाऊण लिटरच्या आसपास पाणी फेंकतो. धडधाकट माणसानें मिनिटाला पन्नास फेऱ्या केल्या तर जेमतेम तेवढेंच पाणी बाहेर जाईल. म्हणजे एक इंचाच्या भोंकाशीं एका माणसाची बरोबरी होते, तीहि तो दमेपर्यंत. भोंकाची रुंदी दुप्पट झाली कीं पाणी चौपट होतें, आणि दोन इंचांची एखादी नळी तळाच्या तोटीपासून निसटली तर चार माणसें चार पंपांवर बसवूनहि पुरीं पडणार नाहींत. तेव्हां हातपंप बुडती नाव तारतो असें मानणें चूक आहे. तो वेळ मिळवून देतो. त्या वेळांत भोंक शोधावयाचें, त्यांत लांकडी खुंटी ठोकावयाची किंवा उशी, कापड, जें सांपडेल तें दाबावयाचें. भोंक निम्मे बुजलें तरी पंपाचें काम निम्मे होतें. परंतु पंपच निम्म्या शक्तीचा असेल तर हा सारा हिशेब आरंभींच कोसळतो.

कॅप्टन जेम्स कुक याच्या 'एन्डेव्हर' जहाजावर ही गोष्ट अडीचशें वर्षांपूर्वीं प्रत्यक्ष अनुभवास आली. हें जहाज मूळचें कोळसा वाहण्यासाठीं इंग्लंडांतील व्हिट्बी येथें १७६४ सालीं बांधलेलें. ११ जून १७७० च्या रात्रीं ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत तें प्रवाळाच्या खडकावर चढलें आणि तळाला भगदाड पडलें. सहा तोफांसुद्धां चाळीस-पन्नास टन ओझें समुद्रांत लोटून देण्यांत आलें. जहाजावर पाणी काढण्याचे चार पंप होते. त्यांतले तीन चालले. चौथा कांहीं केल्या चालेना. एवढ्या मोठ्या सफरीवर निघालेल्या जहाजाचा चौथा हिस्सा बळ असें ऐन प्रसंगीं निकामी निघालें. बाकीच्या तिहींवर सर्व माणसें पाव-पाव तासाच्या पाळीनें राबलीं. खुद्द कुक आणि निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनींहि त्यांत हात घातला.

सुमारें तेवीस तासांनीं जहाज खडकावरून सुटलें, आणि त्यानंतर जें घडलें तें या विषयाच्या दृष्टीनें फारच बोधक आहे. तळांतील पाण्याची खोली मोजणारा माणूस बदलला. पहिला माणूस आंतल्या अस्तराच्या फळ्यांपर्यंत मोजीत होता. दुसऱ्यानें मोजपट्टी बाहेरच्या फळ्यांपर्यंत सोडली. दोहोंत सोळा-अठरा इंचांचा फरक होता. त्यामुळें क्षणांत पाणी दीड फूट वाढलें असा सर्वांचा समज झाला, आणि इतका वेळ न डगमगलेलीं माणसें प्रथमच भ्यालीं. चूक उमगतांच त्यांना असा हुरूप आला कीं त्यांनीं पंप पूर्वीपेक्षां जोरानें चालविले. दुसऱ्या दिवशीं लोकर व जुन्या दोरांचा काथ्या चिकटविलेलें एक शीड जहाजाच्या पोटाखालून ओढून भगदाडावर बसविण्यांत आलें, आणि मग एकाच पंपावर काम भागूं लागलें. पुढें जहाज नदीच्या मुखांत किनाऱ्याला लावून पाहिलें तेव्हां प्रवाळाचा एक मोठा तुकडा भोंकांतच अडकून राहिलेला आढळला. दैवानें साह्य केलें हें खरें. पण तोंपर्यंतचा काळ तीन पंपांनीं काढला होता.

कुकच्या जहाजावरील पंप एल्म वृक्षाचें सरळ खोड पोखरून केलेले होते. आजच्या जुन्या नावांवर बहुधा दोन प्रकार आढळतात. एक पितळी नळकांड्यांत दट्ट्या वरखालीं करणारा, आणि दुसरा रबरी पडद्याचा. यांपैकीं दुसराच अधिक प्रचारांत आहे, म्हणून त्याची रचना प्रथम समजून घेतली पाहिजे.

धातूची किंवा कठीण प्लॅस्टिकची एक गोल, उथळ पेटी. तिचें एक तोंड जाड रबरी पडद्यानें मढविलेलें, आणि पडद्याच्या मध्यभागीं दांडा जोडलेला. आपल्या मृदंगाला पुडी असते तसा हा पडदा कांठाकांठानें आवळलेला असतो, फक्त ताणलेला नसून सैल असतो. पेटीला दोन वाटा असतात, एक आंत येण्याची व एक बाहेर जाण्याची, आणि प्रत्येक वाटेवर एकाच बाजूला उघडणारी रबरी झडप असते. दांडा ओढला कीं पडदा बाहेर फुगतो, पेटींतील जागा वाढते, आंतील हवेचा दाब उतरतो. तळांतील पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो भार असतो तो तें पाणी नळींतून वर ढकलतो, पहिली झडप उघडून पाणी पेटींत शिरतें, आणि त्याच वेळीं दुसरी झडप आपल्या बैठकीवर घट्ट बसलेली असते. दांडा उलट दाबला कीं पहिली झडप मिटते, दुसरी उघडते व पाणी बाहेर जातें. एवढाच सारा खेळ आहे.

पंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों, परंतु वस्तुतः तो पाणी ओढीत नाहीं. वातावरण तें ढकलतें. हें तत्त्व इटलींत टॉरिचेली यानें सतराव्या शतकाच्या मध्यास पाऱ्याच्या नळीनें स्पष्ट केलें. हवेच्या भारानें पाणी फार तर सुमारें ३४ फूट चढतें. नावेंत पांच-सहा फुटांपेक्षां अधिक चढवावयाचें नसतें, म्हणून शक्ति भरपूर शिल्लक असते असें वाटेल. पण पाणी ढकलणारा हा भार हवेचा असल्यामुळें, नळीला टांचणीएवढें छिद्र जरी असलें तरी हवा त्या सोप्या वाटेनें आंत शिरते आणि पाणी जागच्या जागीं राहतें. बाहेर फेंकणाऱ्या नळीला छिद्र पडलें तर पाणी गळतांना दिसतें. आंत घेणाऱ्या नळीच्या छिद्रांतून मात्र कांहीं गळत नाहीं, कांहीं दिसत नाहीं. पंप फक्त कामचुकार होतो. जुन्या पंपांच्या निम्म्या तक्रारींचें मूळ या न दिसणाऱ्या वाटेंत असतें.

या कारणानें हत्यारें घेऊन पंप उलगडण्यापूर्वीं दांडा हातांत घेऊन त्याचें म्हणणें ऐकावें. वैद्य नाडी पाहतो तसा हा प्रकार आहे, आणि पुष्कळदां त्यानेंच निदान होतें. दांडा हलका, जणुं रिकामा फिरत असेल आणि पाणी येत नसेल, तर कोठून तरी हवा शिरत आहे. एक तर पडदा फाटला आहे, किंवा झडप बसत नाहीं, किंवा नळीचा सांधा सैल आहे. दांडा ओढतांना जड लागून सोडतांच आपोआप मागें जात असेल, तर आंत घेणारी वाट तुंबलेली आहे. दाबतांना जड लागत असेल, तर बाहेर जाण्याची वाट तुंबली आहे, किंवा तिच्या टोंकाची तोटी कोणीतरी बंद ठेवली आहे. हें शेवटचें कारण हास्यास्पद वाटलें तरी विरळा नाहीं. पाणी येतें, पण दोन फेऱ्यांमध्यें थोडें थांबलें कीं खालीं परत जातें आणि पुन्हां पंधरा-वीस फेऱ्या वाया जातात, असें झालें तर पहिल्या झडपेखालीं कचरा अडकला आहे असें बहुधा समजावें.

दोष पंपांत आहे कीं नळींत, हें ठरविण्याचा उपाय अगदीं साधा आहे. आंत घेणारी लांब नळी पंपापासून सोडवावी, तिच्या जागीं हातभर चांगली नळी जोडावी, आणि तिचें टोंक बादलींतील पाण्यांत बुडवून पंप चालवावा. पाणी जोरानें आलें तर पंप निर्दोष. रोग नळींत किंवा तळाच्या जाळींत शोधावा. नळीच्या सांध्यांवर साबणाचा घट्ट फेंस लावून दुसऱ्याला पंप चालवावयास सांगितलें, तर जेथें छिद्र असेल तेथें फेंस आंत ओढला जातांना डोळ्यांना दिसतो.

आतां पंप उलगडण्याविषयीं. जुने पंप पुष्कळदां ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांचे स्क्रू गंज न चढणाऱ्या पोलादाचे. खारें पाणी मध्यें आलें म्हणजे या दोन धातूंत विजेचा मंद व्यापार सुरू होतो. ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते आणि ती स्क्रूच्या आट्यांत सिमेंटासारखी बसते. अशा स्क्रूवर बळजबरी केली तर स्क्रूचें डोकें तरी तुटतें, नाहींतर पंपाचा कान तरी मोडतो. आणि जुन्या पंपाचा कान पुन्हां मिळत नाहीं. येथें उतावीळपणा उपयोगाचा नाहीं. पातळ तेल सोडून रात्रभर वाट पाहावी, दुसऱ्या दिवशीं पेचकसाच्या मुठीवर हलके ठोके द्यावे, प्रथम किंचित् आवळून मग सोडवावा, आणि तरीहि न हलल्यास भोंवतालचा भाग बेतानें तापवावा. रबर मात्र अगोदर दूर करतां येत असेल तर करावें, नसेल तर ओल्या फडक्यानें झांकावें. जोडतांना त्याच आट्यांना लोकरीच्या चरबीचा किंवा नावांसाठीं मिळणाऱ्या घट्ट वंगणाचा लेप दिला, तर पुढच्या वेळीं हा त्रास होत नाहीं.

उलगडण्यापूर्वीं पेटीवर व झांकणावर आरपार एक रेघ ओढून ठेवावी, आणि झडपा कोणत्या तोंडानें बसल्या आहेत याचें छायाचित्र घ्यावें. झडप उलटी बसविणें ही सर्वांत सामान्य चूक आहे. अशी चूक झाली तर नवा पडदा, नवे स्क्रू, नवी नळी असूनहि पंप पाण्याचा थेंब उचलीत नाहीं, आणि दुरुस्ती करणारा आपल्याच कामावर संशय घेत बसतो.

पडदा काढल्यावर उजेडासमोर धरून, दुमडून पाहावा. मध्यभाग चांगला दिसतो म्हणून फसूं नये. बारीक चिरा पडतात त्या कांठाशीं, जेथें तो आवळलेला असतो व प्रत्येक फेरीला मोडतो त्या वळणावर. बोट दाबल्यावर चीर उघडत असेल तर तो पडदा गेलाच असें समजावें; चिकटवून चालवूं नये. नवा घेतांना रबराची जात पाहावी. निओप्रिन रबर खाऱ्या पाण्यांत उत्तम टिकतें. पण यंत्राखालच्या तळांत डिझेल व वंगणतेल मिसळलेलें असतें, आणि तेथें नायट्राइल रबर अधिक दिवस तग धरतें. झडपांच्या बैठकी बोटानें चांचपून पाहाव्या. तेथें ॲल्युमिनियमच्या भुकटीचा खवला असला, तर लांकडाच्या काडीनें व बारीक घासकागदानें तो काढावा. सुरीनें खरवडल्यास पडलेली ओरखड पुढें कायमची गळतीची वाट होते. पेटीचें झांकण बसवितांना स्क्रू एका ओळीनें न आवळतां समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावे, म्हणजे पडद्याला सुरकुती पडत नाहीं. रबरावर खनिज तेलाचें वंगण चोळूं नये. सिलिकोनचें वंगण त्यास अपाय करीत नाहीं.

पितळी दट्ट्याच्या पंपाची प्रकृति थोडी निराळी. त्यांत रबराच्या जागीं बहुधा चामड्याची वाटी असते, आणि ती वापरावांचून राहिली कीं सुकून आकसते. आपल्याकडे आडावरच्या हातपंपांत किंवा सायकलच्या पंपांत ज्यांनीं चामड्याचा वायसर बदलला आहे त्यांना हें नव्यानें सांगावयास नको. वाटी फाटली नसेल तर कोमट तेलांत रात्रभर भिजवून बोटांनीं तिचे कांठ बाहेर पसरावे; ती पुन्हां नळकांड्याला बिलगते. दांडा जेथें झांकणांतून वर येतो तेथें चरबी लावलेला तागाचा दोरा भरलेला असतो. तो झिजला म्हणजे हवा तेथूनच शिरते. हे पंप सुंदर असतात, शंभर वर्षें टिकतात, आणि कित्येक मालक त्यांना नुसती चकाकी देऊन समाधान मानतात. बाहेरून लखलखीत आणि आंतून कोरड्या चामड्याचा पंप मळक्या पंपाहून अधिक धोक्याचा, कारण त्याच्याविषयीं कोणाला शंका येत नाहीं.

पंपाइतकेंच लक्ष नळ्यांकडे दिलें पाहिजे. आंत घेणारी नळी अशी हवी कीं ओढीच्या जोरानें ती चपटी होऊं नये. म्हणून तिच्या भिंतींत तारेचें किंवा कठीण प्लॅस्टिकचें वेटोळें असावें लागतें. साधी बागेची नळी लावून 'पंप बिघडला' म्हणणारे लोक आहेत. प्रत्येक सांध्यावर गंज न चढणाऱ्या पोलादाचा आवळपट्टा असावा, आणि पाण्याच्या पातळीजवळच्या सांध्यावर जागा असल्यास दोन असावे. नळीच्या खालच्या टोंकाला जाळी असते. ती फार बारीक असली तर चार केसांनीं व लांकडाच्या भुश्शानें क्षणांत बंद होते. पडद्याचा पंप लहानसहान कचरा सहज गिळतो, म्हणून भरड जाळीच बरी. आणि ती अशा जागीं हवी कीं पाण्यांत हात घालून, न पाहतां, ती मोकळी करतां यावी. जुन्या नावांत नेमकें याविरुद्ध घडलेलें असतें. मूळ बांधणाऱ्यानें जाळी मोकळ्या जागीं ठेवलेली असते, आणि वीस वर्षांनीं कोणीतरी तिच्यावर मोठें यंत्र किंवा पाण्याची टांकी बसवून ठेवतो.

तळांतला कचरा हा तर स्वतंत्रच विषय होईल. पूर्वींचे शिडाच्या नावेवरले अनुभवी लोक डबाबंद अन्नाच्या डब्यांवरील कागद प्रवासापूर्वींच सोलून टाकीत आणि डब्यावर रंगानें नांव लिहीत. कारण तळांत पाणी शिरलें कीं ते कागद सुटून त्यांचा लगदा थेट पंपांत जातो. लांकडी नावेंत आडव्या वांकांच्या खालीं पाणी पंपाकडे वाहून यावें म्हणून लहान लहान छिद्रें ठेवलेली असतात. तीं तुंबलीं तर पुढच्या भागांत पाण्याचें तळें आणि पंपाखालीं कोरडें, अशी विचित्र स्थिति होते. कांहीं जुन्या कारागिरांनीं त्या सर्व छिद्रांतून एक पितळी सांखळी ओंवून ठेवलेली असे. तिचें टोंक धरून मागेंपुढें ओढलें कीं सारी वाट साफ. इतकी साधी आणि इतकी शहाणपणाची योजना पुढील काळांतल्या नावांत क्वचितच दिसते. तळांत तेल सांडलें असेल तर तें आधीं शोषक फडक्यांनीं टिपून घ्यावें. तेलमिश्रित पाणी समुद्रांत फेंकणें पुष्कळ देशांत गुन्हा आहे, आणि पंपाच्या रबरालाहि तें विषासमान आहे.

बाहेर जाणारी नळी नावेच्या कुशींतून जेथें निघते तें तोंड पाण्याच्या वर असतें, निदान नाव बंदरांत सरळ उभी असतांना तरी असतें. वाऱ्यानें नाव एका अंगावर कलली म्हणजे तेंच तोंड पाण्याखालीं जातें. अशा वेळीं पंपाच्या झडपा नीट बसत नसतील, तर वक्रनलिकेच्या न्यायानें समुद्राचें पाणी त्याच नळीनें उलट आंत येऊं लागतें. पाणी काढण्याचें साधनच पाणी भरण्याचें साधन होतें. यासाठीं ती नळी आंतल्या आंत शक्य तेवढी उंच, वरच्या तक्तपोशीखालपर्यंत नेऊन मग खालीं आणतात, आणि कमानीच्या माथ्यावर हवा घेणारी लहान झडप बसवितात. ही हवेची झडप मिठानें गच्च झाली कीं कमान निरुपयोगी होते. वर्षांतून एकदां ती गोड्या पाण्यानें धुवावी. कुशींतलें तोंड प्लॅस्टिकचें असेल तर ऊन्हानें तें ठिसूळ झालें आहे काय, तेंहि पाहावें.

पंप ज्या फळीवर बसविलेला असतो तिची परीक्षा बहुधा कोणी करीत नाहीं. शांत पाण्यांत दहा फेऱ्या मारतांना कांहीं कळत नाहीं. परंतु घाबरलेला माणूस सर्व अंगाचा भार देऊन दांडा ओढतो, आणि मग कुजक्या प्लायवुडांतून स्क्रू उपटून पंपच हातांत येतो. पंप आरपार बोल्टांनीं, मागें रुंद पट्टी देऊन बसवावा. दूरच्या शर्यतींत भाग घेणाऱ्या नावांसाठीं जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांत या गोष्टींचा बारकाईनें विचार केलेला आहे. सर्व झांकणें बंद असतांना पंप चालवितां आला पाहिजे, त्याचा दांडा दोरीनें बांधलेला असला पाहिजे, आणि कचरा काढण्यासाठीं पंपापर्यंत हात सहज पोंचला पाहिजे, असें ते सांगतात. दांडा दोरीनें बांधण्याची अट क्षुल्लक वाटेल. पण अंधारांत, गुडघाभर पाण्यांत, वाहून गेलेला दांडा शोधावा लागला म्हणजे तिचें मोल कळतें. शिवाय प्रत्येक नावेवर किमान नऊ लिटरच्या, दोरी बांधलेल्या दोन भक्कम बादल्या असाव्या असाहि नियम आहे. बादलीला झडप नसते, पडदा नसतो आणि जाळीहि नसते. कोळ्याच्या डब्याची ही थोरली बहीणच म्हणावयाची.

दुरुस्ती झाल्यावर पंपाचें माप घ्यावें. तळांत बादल्यांनीं मोजून पन्नास लिटर पाणी ओतावें आणि तें काढावयास किती फेऱ्या व किती वेळ लागला तें नावेच्या वहींत तारखेसह लिहावें. पंपावर छापलेला आंकडा कारखान्यांत, आंखूड नळीनें, नव्या रबरावर घेतलेला असतो. आपल्या नावेंतील लांब आणि वळणावळणाच्या नळीनें तो क्वचितच मिळतो. वहींतला आंकडाच खरा. पुढच्या वर्षीं त्याच पन्नास लिटरांना दहा-पंधरा फेऱ्या अधिक लागल्या, तर पंप अजून चालत असला तरी आंतून थकत चालला आहे हें निश्चित समजावें.

याच्याच उलट उपयोग रोज सकाळीं होतो. रात्रभर साचलेलें पाणी काढतांना फेऱ्या मोजाव्या. रोज वीस फेऱ्यांत कोरडी होणारी नाव एके दिवशीं चाळीस मागूं लागली, तर पाणी कोठून तरी नव्यानें येत आहे, आणि हें फळ्यांवर पाणी दिसण्याच्या कितीतरी आधीं कळतें. मात्र मोजण्याची रीत एकच ठेवावी, आणि नावेवर दुसरा माणूस पंपावर बसणार असेल तर त्यालाहि तीच शिकवावी. 'एन्डेव्हर'वर दोन माणसांनीं दोन रीतींनीं मोजल्यामुळें काय झालें तें वर आलेंच आहे.

एक जास्तीचा पडदा, झडपांचा एक जोड, चार स्क्रू, दोन आवळपट्टे आणि त्या स्क्रूंना लागणारा पेचकस, इतकें सामान एका घट्ट पिशवींत, वर खरेदीची तारीख लिहून, पंपाजवळच ठेवावें. नावेच्या दुसऱ्या टोंकाच्या पेटींत नव्हे. रबर उजेडानें व उष्णतेनें नुसतें पडल्या पडल्याहि म्हातारें होतें, म्हणून पिशवी अंधाऱ्या जागीं असावी. हंगाम संपून नाव उभी करून ठेवतांना पंपांतून गोडें पाणी काढून मीठ धुवून टाकावें. थंड देशांत त्यानंतर पेटी पूर्ण रिकामी करावी लागते, कारण आंत राहिलेलें पाणी गोठून फुगतें व पेटीला तडा देतें. आपल्या किनाऱ्यावर ती भीति नाहीं. येथें उकाड्यानें रबरी झडपा आपल्या बैठकीला चिकटून बसतात. म्हणून पंधरा दिवसांनीं एकदां तांब्याभर गोडें पाणी ओतून दांडा दहा-वीस वेळां हलवावा.